भिंत ओळंब्यात होती

"भिंतीला पोट आलंय रे," असं आई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी उभ्या उभ्या चहा पीत होतो आणि माझी सातची बॅच होती. बघतो म्हणालो आणि निघालो. बघायचं काय होतं त्यात? भूकंपात गावाकडच्या घराची दगडी भिंत वडिलांवर पडली. तेव्हापासून आई कुणाच्याही घरी गेली की आधी भिंती बघायची, मग माणसं. पंगतीत बसली तरी ताट उचलून दाराजवळ सरकायची. आमच्या भागात अशी माणसं गल्लोगल्ली होती, त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो. तेव्हा शहरात बाहेरगावची पोरं नुसती लोटत होती. पार उमरी-भोकरहून आईबाप पोरीला गादी-बादलीसकट आणून सोडायचे, आणि मला 'सर, सर' करायचे. मी पण स्वतःला लई शहाणा समजायला लागलो होतो. डोळ्याचा धडा तर माझा खास. पुस्तकात नसलेलंही सांगायचो. उतारवयात डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशी अडचणीत येतात, मग रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन जास्त सुटतं. नव्या वाहिन्या फुटतात, पण कच्च्या. त्या झिरपतात, पडदा मधोमध उचलला जातो आणि म्हाताऱ्या माणसाला सरळ रेघ वाकडी दिसते. ती वाकडी रेघ मी फळ्यावर काढूनही दाखवायचो. पोरं माना डोलवायची, वहीत उतरवून घ्यायची.

महिन्याभरात आईनं आपली बाज अंगणात काढली. "चौकट बी वाकलीय. फरशीच्या रेघा बघ कशा चालल्यात. घर बसाया लागलंय, ऐक माझं."

"आई, डोकं खाऊ नको," मी खेकसलो. "पोरांची परीक्षा तोंडावर आलीय."

खेकसलो खरा, पण मग वाईट वाटलं. तिची एकदाची खात्री पटावी म्हणून एका रविवारी गवंडी बोलावला. त्यानं वरून ओळंबा सोडला, आईला हाताला धरून जवळ नेलं. भिंत सूतभर ढळली नव्हती. आई ओळंब्याच्या दोरीकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ही दोरी बी वाकडीच हाय की."

गवंडी हसला. मीही हसलो. कप्पाळ माझं! वजन बांधून सोडलेली दोरी कधी वाकडी असते का? एवढं तरी माझ्या टाळक्यात शिरायला हवं होतं. मी गवंड्याला चहा पाजला आणि क्लासला गेलो.

पुढं ती म्हणायला लागली की मधोमध काहीतरी काळं येतंय, तव्यावरच्या भाकरीच्या कडाच तेवढ्या दिसतात. मी म्हणालो, मोतीबिंदू असेल, पिकू दे जरा, परीक्षा झाली की काढून टाकू.

परीक्षा झाली. तिला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी थेंब टाकून तपासलं आणि कागदावर चित्र काढून मला समजावायला घेतलं. दुसऱ्याच वाक्याला कळलं, हा तर माझाच धडा. डावा डोळा कधीचाच गेला होता, तो गेल्याचं तिलाही कळलं नव्हतं. सगळा कारभार उजव्यावर चालला होता, आणि आता त्यातही रक्त साकळून व्रण धरला होता. "त्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं आहेत, ती देऊ," बाई म्हणाल्या. "झिरपणं थांबेल. पण जे गेलं ते परत यायचं नाही. सरळ वस्तू वाकड्या दिसतात, असं आजी आधी कधी बोलल्या नाहीत का?"

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, आणि केवढ्या कौतुकानं!

"बोलले की. माझा ल्योक लई गुणाचा बाई. रविवार मोडून गवंडी आणला त्यानं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

इंजेक्शनं झाली. झिरपणं थांबलं, डाग राहिला. आईला आता कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. दारात कुणी आलेलं कळतं, पण कोण ते आवाजावरून. माझी चूक मी कितीतरी दिवस पोटात ठेवून हिंडलो. शेवटी एका दुपारी ती शेंगा फोडत बसली होती, तेव्हा तिच्यासमोर बसलो आणि बोलून टाकलं. "आई, घर बसत नव्हतं. तुझा डोळा होता तो. मला ठाऊक होतं गं, मी तेच तर शिकवतो. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

तिचे हात थांबले. तिनं तोंड माझ्याकडं केलं.

"रडाया लागलास का रे?" ती म्हणाली. "तोंड दिसत न्हाई मला तुझं. आता असं काही असलं तर बोलून सांगत जा."