शिट्टीला उठायचं नाही

माझी धाकटी नणंद शर्टांना बटणं लावते. हाताने नव्हे, मशीनवर. पायाने पट्टी दाबली की बटण बसलं. एकोणीस वर्षं एकच कारखाना आणि खिडकीजवळची तीच खुर्ची.

तिथले सुपरवायझर बायकांना हाक मारत नाहीत. शिट्टी वाजवतात आणि बोट दाखवतात. जिच्याकडे बोट, तिने धावत टेबलाशी जायचं. बहुतेकदा ओरडा, कधीतरी "छान". ते "छान" कधी मिळेल याचा नेम नाही, म्हणून तर सगळ्या आशेने ताडकन उठतात.

एका रविवारी मी तिच्याकडे जेवत होते. आत कुकरची शिट्टी झाली आणि ही भरल्या ताटावरून उठून उभी राहिली. "आले साहेब."

तिची लेक हसून हसून आडवी झाली. हिला हसू आलं नाही.

"वहिनी, मला पाळलंय त्यांनी."

"मग सोड नोकरी."

"मी का सोडू? मी शिकले तसे तेही शिकतील."

कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला मला हेच शिकवलं होतं, घंटा वाजली की लाळ गाळणारा कुत्रा. परीक्षा झाली, मी विसरले. हिने स्वतःच्या पायाकडे बघून ओळखलं.

सोमवारपासून शिट्टी वाजली की हिचा दोरा तुटू लागला. ओवायला सात मिनिटं, मान खाली. साहेब "कान फुटले का?" म्हणाले की पुन्हा तुटला. एकदा वैतागून "अहो बाई, इकडे या" म्हणाले, तर ही लगेच हजर, आणि त्या दिवशीचा ढीग तासभर आधी संपला. असं बक्षीस रोज मात्र नाही. मधूनच, त्यांच्या "छान"सारखं.

डब्याच्या सुट्टीत तिने ओळीतल्या बाकीच्या अकराजणींनाही शिकवलं. मग हिला कारखान्याचं पत्र आलं: आणखी एक तक्रार आली की घरी.

"काढतील गं तुला," शेजारची म्हणाली.

"बाराही जणींना? मग बटणं काय साहेब लावणार?"

पाचव्या आठवड्यात मालक पाहणीला आले. सुपरवायझरांनी सवयीने शिट्टी वाजवली. बारा दोरे तुटले. मालकांनी वळून साहेबांकडे पाहिलं. साहेब घसा खाकरत हिच्या खुर्चीपर्यंत चालत आले.

"बाई, जरा येता का?"

"हे एवढं बटण लावते आणि येते."

परवा तिच्याकडे पुन्हा जेवायला होते. कुकर वाजला. हिची टाच उचललेली मी पाहिली.

"साहेब पाच आठवड्यांत शिकले. हा पाय जरा मठ्ठ आहे," ती म्हणाली, आणि टाच जमिनीवर दाबून पुढचा घास घेतला.