भाताच्या उत्तराला शून्य

मंडळी, आज सकाळी मला कॉपीबहाद्दर ठरवलं गेलं. डोकं अजून गरम आहे, म्हणून लिहितोय.

मी अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो. शिक्षण आठवी. इथल्या एका कॉलेजचा अन्न-स्वच्छतेचा ऑनलाइन कोर्स करतोय, रूममेट निखिलच्या कॉम्प्युटरवर. पास झालो तर कुक होईन, नाहीतर कांदे चिरणं चालूच.

परीक्षेत प्रश्न होता, शिजवलेला भात थंड कसा करायचा? पुस्तकातलं ते पान मी आठवडाभर घोकलं होतं. शब्दन् शब्द टाइप केला. आज कोर्सच्या मॅडमची ईमेल आली: पुस्तकातून कॉपी, शून्य मार्क.

निखिल एमएस करतोय. तो हसला. "अरे यार, इथे पाठांतराला चोरीच म्हणतात."

मी बस पकडून थेट कॉलेजात गेलो. मॅडमच्या हातात पुस्तक दिलं आणि उभ्या उभ्या अख्खं पान म्हणून दाखवलं.

मॅडम पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कॉपी नाही केलीस, मान्य. पण तू स्वतः रोज भात कसा थंड करतोस?"

तू स्वतः काय करतोस, हे आठ वर्षांच्या शाळेत मला कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी सोमवारी उत्तर स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायला सांगितलंय. लिहीन माझ्या मोडक्या इंग्रजीत, मार्क खुशाल कापा. पण घोकणाऱ्याला चोर म्हटलं तर पुन्हा जाऊन भांडेन.

इथे शिकायला आलेल्यांनो, तुमच्यावर हा आळ आला तेव्हा तुम्ही भांडलात, की सॉरी म्हणून मोकळे झालात?