आंबिवलीच्या दुकानाचा आलेख

ती मुलगी ऑफिसात आली त्या दिवशी दादांनी तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. मला तिथे चोवीस वर्षं झालेली. माझी खुर्ची दादांनी कधी ओढलेली नाही. ओढावी असं माझंही काही म्हणणं नव्हतं, पण ते त्या दिवसापर्यंत.

दादा म्हणजे आमचे मालक. वागळे इस्टेटमध्ये आमची गिरणी, पॅकिंग आणि वर ऑफिस. थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी, घावनाचं पीठ, आणि सगळ्यात जास्त खपणारं म्हणजे इडली-डोशाचं ओलं पीठ. ठाण्यापासून आंबिवलीपर्यंत कंपनीची नऊ दुकानं. कुठल्या दुकानाला उद्या कुठला माल किती जायचा, हे ठरवणारी मी. ओलं पीठ जास्त गेलं तर आंबून परत येतं, कमी गेलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. इतकं सोपं काम आणि इतकं अवघड.

माझी पद्धत फोनची. रोज सकाळी दहाला नऊ दुकानांना नऊ फोन. दुकानातली बाई 'हांऽऽ, बोला ताई' असं लांबवून म्हणाली की समजायचं, माल पडून आहे. 'बोला बोला' असं घाईत दोनदा म्हणाली की उद्या दोन क्रेट जास्त. आकडा मी नंतर विचारायचे, आधी आवाज ऐकायचे. आणि काहीही नवीन करायचं झालं की दादा केबिनमधून मान बाहेर काढून विचारायचे, 'तू काय म्हणतेस?' ते तीन शब्द ऐकायला मी तापातसुद्धा डोंबिवलीहून कामावर गेलेले आहे.

तर ही मुलगी. कल्याणची, संख्याशास्त्र शिकलेली, कुठल्याशा मोठ्या कंपनीत दोन वर्षं काढून आलेली. नऊ दुकानांच्या बिलिंग मशीनमध्ये गेल्या कित्येक वर्षांचं एकेक बिल साठून पडलेलं होतं, वेळेसकट. आम्ही ते कधी उघडूनही बघितलं नव्हतं. हिनं ते सगळं एका जागी आणलं, पडद्यावर रंगीत आलेख काढले आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, 'काकू, जरा बघता का?'

काकू! मला तिथे सगळे ताई म्हणतात. टेम्पोचे ड्रायव्हर माझ्याहून मोठे आहेत, तेही ताईच म्हणतात. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू.

'बघते,' मी म्हटलं, 'चष्मा घरी राहिलाय.' चष्मा माझ्या डोक्यावर होता.

तिनं पहिली दाखवली ती ठाण्याच्या दुकानाची उपवासाची भाजणी. मी दर बुधवारी तिथे दुप्पट पाकिटं पाठवायचे, कारण गुरुवार करणाऱ्या बायकांचा एक मोठा घोळका तिथे ठरलेला होता. तिच्या आलेखात गुरुवारचा खप बाकीच्या दिवसांइतकाच. दोन वर्षं तसाच. नंतर कळलं, त्या बायकांची बिल्डिंग पाडकामाला गेली आणि त्या कुठे कुठे पांगल्या. पाकिटं परत येत होती, परतीच्या कागदावर सही माझीच होती, आणि मी पुढच्या बुधवारी पुन्हा दुप्पट पाठवत होते. दादा म्हणाले, 'हे इतके दिवस आपल्याला कसं दिसलं नाही?' म्हणाले आपल्याला, पण बघत होते माझ्याकडे.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट, कारण ती जास्त बरोबर होती. डोंबिवलीच्या दुकानातून शनिवारी संध्याकाळी फोन यायचा, 'ताई, ओलं पीठ सगळं संपलं!' आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. एक क्रेट परत नाही, अगदी बरोबर अंदाज. ती मुलगी म्हणाली, 'शनिवारी सहानंतर ओल्या पिठाचं एकही बिल नाही. संपलं म्हणजे सहानंतर आलेली सगळी माणसं रिकामी परत गेली ना, काकू?' दादांनी पुढच्या शनिवारी तिच्या हिशेबानं माल पाठवला. दुकान बंद होईपर्यंत पीठ विकलं गेलं आणि शेवटचे दोन डबे उरले. इतकी वर्षं मी ज्याला शाबासकी समजत होते, ती गिऱ्हाइकांची निराशा होती, आणि हे मला एका पोरीनं शिकवावं?

अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. तिचं हसणं खुपायचं, तिच्या डब्यातल्या ज्वारीच्या भाकऱ्यासुद्धा खुपायच्या. तिनं आग्रह केला की मी म्हणायचे, मला ॲसिडिटी आहे. एकदा तिचा लॅपटॉप तासभर बंद पडला तर मी खाली टपरीवर जाऊन आनंदानं दुसरा चहा घेतलेला. घरी नवरा म्हणाला, 'अगं, ती तुझं काम हलकं करतेय.' मी म्हटलं, 'तुम्ही गप बसा.' काम हलकं होत होतं हे खरं होतं. पण दादांची मान आता केबिनमधून बाहेर यायची ती तिच्या टेबलाकडे वळून, आणि ते तीन शब्द तिला मिळायचे.

मग आंबिवलीचं निघालं.

आंबिवलीचं दुकान स्टेशनजवळ, छोटंसं. सकाळी साडेसहाला उघडायचं. सकाळच्या पाळीला दहा वर्षं एकच बाई. तिची सासू लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. नवरा मानपाड्याला एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला. तो दुपारी दीडला घर सोडायचा. म्हणजे सकाळी नवरा आईजवळ आणि ही दुकानात, दुपारी ही घरी आणि नवरा कामावर. सकाळची पाळी होती म्हणून तिची नोकरी होती. हे मला पक्कं माहीत होतं, कारण दहाच्या फोनवर ती मला सासूच्या जेवणापासून सगळं सांगायची. दोनच वाक्यांत, कारण मागे गर्दी. 'ताई, ठेवते हं, लाईन लागलीय.'

मीटिंगमध्ये मुलीनं आंबिवलीचा आलेख लावला. सकाळी साडेसहा ते बारा जवळजवळ सपाट. साडेबाराला एकदम उंच सुळका. मग दुपार-संध्याकाळ बऱ्यापैकी. ती म्हणाली, इथे सकाळी गिऱ्हाईकच नाही, दुकान बाराला उघडलं तरी चालेल. टेम्पोची पहाटेची एक फेरी वाचेल, माणूसही वाचेल. दादांनी मान डोलावली. आणि मग, कित्येक महिन्यांनी, माझ्याकडे वळून म्हणाले, 'तू काय म्हणतेस?'

मला तो सुळका कशाचा ते माहीत होतं. मीच उभा केलेला तो. तीन वर्षांपूर्वी ती बाई फोनवर रडकुंडीला आलेली, 'ताई, सकाळी नेटवर्क नसतं, मशीन नुसतं गोल गोल फिरतं, लोकांची गाडी चुकते, शिव्या घालतात.' मी तिला सांगितलं होतं, 'मशीनच्या नादी लागू नकोस. क्रेटच्या पुठ्ठ्यावर रेघा मार, आणि पाळी संपताना सगळं एकदम मशीनमध्ये घाल.' तेव्हापासून तिची अख्खी सकाळ साडेबाराला मशीनमध्ये शिरायची. ऑफिसात हे फक्त मला ठाऊक होतं. आलेखातला तो सुळका म्हणजे सकाळी सात-आठची ती सगळी घाईतली माणसं होती.

एका वाक्याचं काम होतं. तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य. पण त्याच वेळी माझी नजर त्या मुलीकडे गेली. ती पेन हातात घेऊन बसलेली, मी बोलेन ते लिहून घ्यायला. आणि मला वाटलं, लिहून घेईल आणि तेही हिचंच होईल. उद्या आलेखात माझं वाक्य रंगीत होऊन येईल आणि दादा म्हणतील, वा! पडू दे हिला एकदा तोंडघशी. आठवडाभरात विक्री कोसळेल, दादा पळत येतील, तेव्हा सांगू.

'आकडेच बोलतायत तर मी कोण बोलणारी?' मी म्हटलं.

मुलगी म्हणाली, 'काकू, नक्की ना? दुकानं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहेत.'

'सगळं तुझ्या पडद्यावर आहे की.'

त्या संध्याकाळी आंबिवलीहून फोन आला. 'ताई, दुपारी मला नाही हो जमणार. काही करता येईल का? दादा तुमचं ऐकतात.'

'बघते,' मी म्हटलं.

'नक्की ना, ताई?'

'बघते म्हटलं ना गं.'

मी काहीही बघितलं नाही. मी वाट बघितली. त्या मुलीनं तिसऱ्या दिवशीच खप पडल्याचं ओळखलं, पण तिला वाटलं, लोकांना नवी वेळ अंगवळणी पडायला वेळ लागेल. पुढचे दोन आठवडेही विक्री वर येईना. तिचा चेहरा उतरलेला बघून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? बरं वाटायचं, आणि रात्री जेवताना घास फिरायचा तोंडात. उद्या सांगू, परवा सांगू करत मी दादा पळत येण्याची वाट बघत बसले.

दादा आले नाहीत. ती मुलगीच गेली. एका सकाळी घरून उठून थेट आंबिवलीला, आणि सहापासून बंद शटरसमोर उभी राहिली. माणसं यायची, कुलूप बघायची, चरफडत जायची. तिनं एकेकाला विचारलं. मग पत्ता काढून त्या बाईच्या घरी गेली, आणि बाईनं तिला पुठ्ठ्याची सगळी गोष्ट सांगितली.

अकराला ती ऑफिसात आली आणि पर्सही न ठेवता दादांच्या केबिनमध्ये शिरली. दार उघडंच होतं. 'दादा, चूक माझी आहे. दुकान डोळ्यांनी न बघता मी तुम्हाला निर्णय दिला.' मी हातातलं काम थांबवून ऐकत होते. हाच तो क्षण, ज्यासाठी मी तीन आठवडे गप्प बसलेले. दादा म्हणाले, 'चूक स्वतः येऊन सांगणारी माणसं आहेत कुठे आता?' आणि तिला चहा मागवला. त्याच दिवशी आंबिवलीला नवीन मशीन मंजूर झालं, सकाळची वेळ परत लागली, आणि नियम झाला की कुठल्याही दुकानाचं काही बदलायचं तर तिनं आधी तिथे एक पूर्ण दिवस बसायचं. चूक करूनसुद्धा ती मोठी झाली! मी नुसती जळत राहिले.

मग ती माझ्या टेबलाशी आली. 'काकू, रेघा मारायला त्यांना ऑफिसातून कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते मात्र त्या सांगत नाहीत.' तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही न विचारता आपल्या जागेवर गेली.

सकाळ परत लागली, पण ती बाई परत येऊ शकली नाही. तिचा पगार थांबला तसा नवऱ्यानं धावपळ करून पहिली पाळी मागून घेतली, कारण जादा काम त्याच पाळीला मिळतं. आता तो पहाटे जातो, संध्याकाळी येतो, आणि वर्षभर पाळी बदलायची नाही असं लिहून दिलंय. सासूला दिवसभर एकटं ठेवून ती जाणार कुठे? काउंटरवर दुसरी बाई लागली.

रविवारी मी आंबिवलीला गेले. दोन खोल्यांचं घर. ती सासूला उशीला टेकवून पेज भरवत होती. मला बघून केवढी खूष झाली. 'ताई, या ना, बसा. तुम्ही माझ्यासाठी भांडला असणार, मला माहीत आहे. त्या नव्या पोरीपुढे तुमचं चाललं नसेल. पण वाईट नाही हो ती. माझ्यासमोर रडली बिचारी.'

मी पाण्याचा पेला हातात घेऊन बसलेले. चहा ठेवते म्हणून ती उठायला लागली, तशी मी म्हटलं, 'थांब. मी भांडले नाही. मला तेव्हाच माहीत होतं सगळं, त्या मीटिंगमध्ये. दादांनी मला विचारलं होतं. मी बोलले नाही.'

ती परत खाली बसली. सासूच्या हनुवटीवर ओघळलेली पेज तिनं पदरानं पुसली. 'का?'

'जळत होते गं मी.'

'माझ्यावर?'

'नाही. तुझ्यावर कशाला जळेन? त्या पोरीवर.'

तिनं पुढचा चमचा भरला, सासूच्या तोंडात घातला, सासूनं गिळेपर्यंत थांबली. मग माझ्याकडे बघून, अगदी खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं, तिनं विचारलं, 'मग माझं काम का गेलं, ताई?'