एका कोटातलं गाव

नगरपालिकेत तीस वर्षं कारकुनी केली की माणसाजवळ दोन गोष्टी साठतात, कमरेचं दुखणं आणि किस्से. कमरेला तेल तरी लावता येतं. किश्शांचं काय करायचं? एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागं दुसरा उभाच असतो. माझे तर कुठूनही सुरू झाले तरी मंडईच्या भिंतीपाशीच येतात. आमचं गाव येरमाळ्याहून फार लांब नाही, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथंच राहतात, आणि मला पेन्शनच्या कामाला जावं लागतं.

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावात सगळं नवं. नवा एस.टी. स्टँड, नवे नळ आणि स्टँडसमोर नवी मंडई. मंडईची रस्त्याकडची भिंत चांगली पन्नास हात लांब. बांधून महिना झाला नाही तोच लोकांनी पान खाऊन ती गुडघ्यापर्यंत लाल करून टाकली. त्यात मुंबईचे एक मोठे पाहुणे उद्घाटनाला यायचं ठरलं.

आमचे अध्यक्ष अप्पासाहेब म्हणाले, "भिंतीवर देवादिकांची चित्रं काढा. मग बघू कोण थुंकतंय."

हेडक्लार्क दत्तोपंत निजामाच्या तहसिलीतून आमच्याकडं आलेले. अंगानं काडी, जीभ मात्र तिखट. ते खाली मान घालून म्हणाले, "काढू की. पाहुण्यांना मंडईत शिरताना बूट काढावे लागतील, तेवढं आधी कळवून ठेवतो."

देव रद्द झाले.

मग ठराव झाला की भिंतीवर गावातली कामाची माणसं काढायची, आपापलं काम करताना. आल्यागेल्याला कळू द्या, हे गाव कुणाच्या जिवावर चालतं. नऊ वॉर्ड, म्हणून नऊ माणसं. प्रत्येक सभासदानं आपल्या वॉर्डातलं एक नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं.

आठ दिवसांत नऊ चिठ्ठ्या आल्या. दत्तोपंतांनी त्या वाचल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. सात जणांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. आठव्यानं भावाचं. अप्पासाहेबांनी आपल्या वडिलांचं लिहिलं होतं, आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

ठराव दुरुस्त करावा लागला: सभासद आणि त्यांची भावकी सोडून.

*

चित्रं काढायला बोलावलं गुरुलिंग पेंटरला. हा माणूस मूळचा नळदुर्गाकडचा, बोलणं हळू आणि मोजकं. निजाम गेला तेव्हा सगळ्या गावाच्या उर्दू पाट्या मराठी झाल्या, त्या याच्याच हातच्या. ती दोन वर्षं त्याला जेवायला फुरसत नव्हती.

आमच्या कचेरीची पाटी तेवढी आम्ही त्याच्याकडून केली नाही. घाई फार! शिपायानं उर्दू अक्षरांवरच खडूची सफेदी मारली आणि वर मराठीत नाव लिहिलं. पुढं एकदा पाटीवर पाणी पडलं आणि मराठी नाव ओघळून गेलं. खालून उर्दू अक्षरं जशीच्या तशी वर आली. दत्तोपंत चष्मा पुसून वाचायला लागले आणि मला म्हणाले, "मुबारक हो. सरकार परत आलं."

तेव्हा गुरुलिंगला बोलावणं गेलं. तो पाटीवर बोट फिरवून म्हणाला, "साहेब, ऑइलपेंटवर बिनसरसाची सफेदी टिकत न्हाय. पाणी लागलं की खालचं वर येतंय." मग त्यानं पाटी खरवडून नीट करून दिली. सरस म्हणजे सफेदीला धरून ठेवणारी खळ; मी सामानाच्या खोलीचा कारकून होतो, म्हणून ते ध्यानात राहिलं.

पाट्यांचं काम संपलं तसे त्याचे दिवस फिरले. सोलापूरहून तयार पत्र्याच्या पाट्या यायला लागल्या. हा रंगाचे डबे घेऊन वाशी, येरमाळा हिंडायचा, बैलगाड्यांच्या साट्यांवर मोर काढायचा. घरी बायको आणि तीन मुली. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेला माणूस, आणि मोर सोडून त्याला कुणी काही काढू देत नव्हतं. आमच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा रिकामी होती. त्यानं अर्ज केला होता. अप्पासाहेबांच्या मेहुण्याचाही अर्ज होता.

अप्पासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहुण्यांसमोर भिंत झकास दिसू दे, पेंटर. मास्तर तुम्हीच."

आम्ही सगळे मेहुण्याकडं बघत होतो. मेहुणा पान लावत होता.

*

पहिला बसायला आला मारुती लोहार. गुरुलिंगनं भिंतीवर आधी भट्टी काढून ठेवली होती, घण उचललेले हात आखले होते. मारुती आला तो काळा कोट घालून, केसांना तेल चोपडून.

"घण कुठाय?" गुरुलिंगनं विचारलं.

"घरी ठिवलाय."

"अहो, तुमचं कामच काढायचंय."

मारुतीला राग आला. "काम रोजचं हाय. तसबीर एकदाच निघती. घण घिऊन बसू व्हय मी तसबिरीत? सोयरे काय म्हणतील?"

त्याचंही खरं होतं. आमच्याकडं माणसाची तसबीर निघायची ती फोटो स्टुडिओत, लग्न ठरताना, नाहीतर म्हातारपणी. ती कोट घालूनच काढायची, आणि कोट स्टुडिओचा. आमच्या गावात स्टुडिओ एक, त्यामुळं कोटही एकच. मारुतीनं तोच मागून आणला होता.

मग काय! मारुतीनं कोट घातला म्हटल्यावर बाकीचे कशाला मागं राहतील? कुंभार आला कोटात. तेली आला कोटात. मेंढपाळ घोंगडी घरी ठेवून आला, वर कोट, खाली धोतर. भजी तळणारे नाना पोटानं मोठे, त्यांचा एकच हात कोटात गेला, म्हणून त्यांना बाजूनं काढावं लागलं. शिंपी तर स्वतः कपडे शिवणारा माणूस, तोही त्याच कोटात. त्याला विचारलं तर म्हणाला, "स्वतःसाठी शिवायला सवड कुठाय?"

सगळ्यांना खुर्चीवर बसायचं होतं, गुडघ्यांवर हात ठेवून, नाकासमोर बघत. नऊ माणसं झाली तेव्हा गुरुलिंग थेट अप्पासाहेबांकडं गेला. मी तिथंच होतो.

"मालक, अख्खं गाव एकाच कोटात आलंय. काम कुणीच करंना."

अप्पासाहेब भिंतीपाशी आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, "चांगलंय की. एकी दिसती."

*

कोंडाबाई नगरपालिकेची झाडूवाली. मंडई आणि स्टँडपुढचा रस्ता तिच्याकडं. उजाडायला ती झाडायला यायची. गुरुलिंगही सकाळच्या उजेडासाठी तेव्हाच यायचा. आठ दिवस ती झाडत होती आणि हा तिच्याकडं बघून भिंतीच्या टोकाला ऑइलपेंटनं तिला काढत होता, तिला काही न सांगता. पदर खोचलेला, कमरेत वाकलेली, हातात खराटा. खुर्ची नाही, कोट नाही. तिला बसायला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तेवढी एकटी काम करताना निघाली.

चित्र पुरं झालं तेव्हा त्यानं तिला बोलावून दाखवलं. मी सफेदीची रिकामी पोती न्यायला आलो होतो. कोंडाबाईनं खराटा भिंतीला टेकवला आणि जवळ जाऊन बघितलं. मग म्हणाली, "पाठ दुखती ती दिसती की ओ. बराबर काढलंय."

एवढं बोलून तिनं आपल्या चित्राच्या पायाशी पडलेला रंगाचा कागद झाडून घेतला आणि पुढं गेली.

खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. सहा वर्षं मी तिच्यासमोरून कचेरीत जात होतो. तिची पाठ दुखते हे मला भिंतीवर बघून कळलं.

*

सभासद भिंत बघायला आले आणि गोंधळ झाला. नऊ माणसांचा ठराव, भिंतीवर दहा! शिवाय दहावी कोण, तर झाडूवाली.

एक सभासद म्हणाला, "पाहुणे बघतील तर म्हणतील, गावात घाण हाय म्हणूनच झाडणारी हाय."

दुसरा जरा दयाळू. तो म्हणाला, "राहू द्या, पण कोट घाला तिला."

कोंडाबाई तिथंच झाडत होती. दत्तोपंतांनी तिला गंभीरपणे विचारलं, "काय बाई, कोट घालणार का?"

"झाडताना आडवा यील, साहेब."

अप्पासाहेबांनी गुरुलिंगला बाजूला घेतलं, पण त्यांचं बाजूला घेणं स्टँडपर्यंत ऐकू जायचं. "हे बघा, परवा पाहुणे येतायत. ती बाई पुसा. पुसली तर शाळेची ऑर्डर तयार आहे. नाही पुसली तर मेहुण्याचा अर्ज आहेच माझ्याकडं."

गुरुलिंगनं ब्रश पुसून डब्यात ठेवला. संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या वेळी माझ्याकडं आला आणि स्टुलावर बसला. "थोरलीला स्थळ आलंय," म्हणाला. "बाप काय करतोय विचारत्यात. गाडीवर मोर काढतोय म्हणून सांगू का?"

मी काय सांगणार? म्हणालो, "पुसून टाका पेंटर. भिंत काय, दोन वर्षांनी कुणी बघायचं नाही."

त्यानं मान हलवली. मी सफेदीची पुडी दिली, वर सरसाची पुडी ठेवली. त्यानं सफेदी उचलली आणि निघाला. मी हाक मारली, "पेंटर, सरस राहिला." तो दारापर्यंत गेला होता. त्याला ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या टोकाला पांढरा चौकोन होता. कोंडाबाईनं तो बघितला. मी तिच्या मागंच होतो, काहीतरी बोलावं म्हणून खाकरलो.

ती म्हणाली, "बरं झालं, भाऊ. तिची तरी पाठ दुखायची थांबली."

*

पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. तुळजापूरची गाडी स्टँडातून बाहेर पडली आणि रस्त्यावरची सगळी धूळ भिंतीवर येऊन बसली. नऊ काळे कोट खाकी झाले. चित्रात कोट घातलेली माणसं खाली आपापल्या नेहमीच्या कपड्यांत उभी होती आणि आपापल्या तसबिरी पंच्यानं पुसत होती. नानांचा हात पोचत नव्हता.

अप्पासाहेब घामाघूम. "कोंडाबाई, पाणी आण. सडा मार सगळीकडं. आणि ही भिंत धुऊन काढ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक डाग दिसता कामा नये."

"सगळी धुवू का, मालक?"

"सगळी म्हणजे सगळी. कळत नाही का तुला?"

मी गुरुलिंगकडं बघितलं. तो गर्दीच्या मागं धुतलेला सदरा घालून उभा होता. एक पाऊल पुढं आला, मग थांबला. मला तोंड उघडायचं असतं तर ते तेव्हाच उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

कोंडाबाईनं लोहारापासून सुरुवात केली. तांब्यानं पाणी मारायची, फडक्यानं पुसायची. कुंभार, तेली, शिंपी, एकेक जण चकचकीत होत गेला. ती नानांपाशी पोचली तेवढ्यात पाहुण्यांची मोटार आली, ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी. हार, तुरे, बँड, सगळ्यांची पळापळ झाली. कोंडाबाईला थांब म्हणायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

पाहुणे वयस्क, उंच, अंगात काळा कोट. ते भिंतीच्या कडेकडेनं चालत आले. लोहार बघितला, कुंभार बघितला, चार कोट बघितले आणि त्यांची चाल वाढली. अप्पासाहेब नावं सांगत होते, पाहुणे "वा, वा" म्हणत होते. ते टोकाला पोचले आणि त्याच वेळी कोंडाबाईनं पांढऱ्या चौकोनावर बादली रिकामी केली.

सफेदी खाली यायला लागली. आधी खोचलेला पदर दिसला. मग वाकलेली पाठ, मग हात, मग खराटा. बँडवाले सुद्धा थांबले. अप्पासाहेबांच्या हातातला हार तसाच राहिला. कोंडाबाईनं एकदा चित्राकडं बघितलं, आणि फडक्यानं त्याचं तोंड पुसून काढलं, बाकी नऊ जणांचं पुसलं होतं तसंच.

पाहुणे जागचे हलेनात. चित्राकडं बघायचे, मग बाईकडं बघायचे.

"एवढ्या भिंतीत ही एकटीच काम करतीय," ते म्हणाले. "कुणी काढलं हे?"

मेहुण्यानं पान थुंकायला तोंड वळवलं, समोर भिंत दिसली, म्हणून गिळलं. अप्पासाहेबांनी पाहुण्यांच्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं. मग हार सावरला आणि गर्दीतून गुरुलिंगचं मनगट धरून त्याला पुढं ओढलं.

"हे आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर, साहेब. मीच सांगितलं होतं यांना, ही बाई पाहिजेच म्हणून."

दत्तोपंतांना जोरात ठसका लागला. गुरुलिंगनं हात जोडले. त्याचे डोळे भरले होते आणि तो पाहुण्यांकडं नाही, माझ्याकडं बघत होता. पाहुणे आणखी जवळ गेले, चित्रातल्या पाठीवर बोट ठेवायला वाकले.

कोंडाबाई दुसरी बादली भरून घेऊन आली होती. ती त्यांच्या मागं उभी राहून म्हणाली, "सायेब, जरा बाजूला सरा. कोटावर पाणी उडंल."