जोडवी आणि टाचेचे बूट

वहिनी, श्रीगोंद्याच्या स्टँडवर नगरची गाडी लागली तेव्हा तुम्ही माझी ट्रंक आत चढवत होतात आणि आई माझ्या पायाशी बसली होती. एवढ्या माणसांत ही काय करतेय म्हणून मला लाज वाटली. तिनं माझी जोडवी एकेक करून बोटांवर दाबून बसवली आणि म्हणाली, "पायातलं काडू नगंस. लढाईवरला मानूस हाय त्यो." लढाई संपून वर्ष झालं होतं, पण आईचं भय संपलं नव्हतं. गाडी सुटली तेव्हा ते माझ्याच शेजारी बसून नगरला आलं.

कॅम्पातल्या ज्या क्वार्टरमध्ये आम्ही बिऱ्हाड मांडलं, तिथं आधी राहणाऱ्या बाईचा नवरा लढाईतून परतला नव्हता. तिनं बांगड्या अडकवायला ठोकलेला खिळा भिंतीत तसाच होता. मी त्याला कधी काही अडकवलं नाही. हे रणगाड्यांवरचे कॅप्टन. सकाळी सरावाला गेले की परतेपर्यंत माझे कान फाटकाकडे.

त्यात एका दुपारी यांनी दुसरंच भय घरात आणलं. महिन्याभरानं मेसमध्ये बॉल होता. ऑफिसरांनी बायकोचा हात धरून सगळ्यांसमोर नाचायचं! आपल्याकडं चारचौघांत नाचणाऱ्या बाईला काय म्हणतात, ते तुम्हाला सांगायला नको. शिकवायला मिसेस फर्नांडिस, म्हणजे यांच्या मेजरसाहेबांची बायको. पहिला धडा शनिवारी पाचला. "भ्यायचं काय त्यात? मी हाय ना," हे म्हणाले. घरात आम्ही दोघं गावाकडचंच बोलायचो.

यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं पावलं काढून दिली. हे गेले की मी उशी छातीशी धरून त्यांवरून पाय टाकायची. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. भाकरी थापतानासुद्धा तोंडात तेच. आपण दोघी फुगडी घालायचो तेव्हा कुणी पावलं मोजली होती का हो? उशी हातात असताना एकदा दूधवाल्यानं खिडकीतून पाहिलं, तर मी तशीच खाली बसले आणि तो जाईपर्यंत उठले नाही.

पण खरी अडचण बुटांची निघाली. मिसेस फर्नांडिसनी निरोप पाठवला होता, पुढून बंद असलेलेच बूट घाला, नाहीतर पुरुषांच्या बुटांखाली बोटं चेंगरतील. यांनी बाजारातून टाचेचे काळे बूट आणले. जोडव्यांसकट पाय आत जाईना. मोठ्या मापाचे आणवले, टाचेत कापूस कोंबला, तर पहिल्याच गिरकीला एक बूट पाटाखाली गेला. यांना हसू आवरेना. मला रडू आलं. नाही म्हणावं तर चारचौघांत यांची मान खाली. जोडवी काढावीत तर आई पायाशी बसलेली दिसायची. असे चार दिवस गेले.

शनिवारी चारला न्हाणीत बसून साबण लावला आणि जोडवी काढली. बोटांवर पांढरे वळ राहिले होते. जोडवी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि आधीचे, लहान मापाचे बूट घातले. बाहेर हे मोटारसायकलला किक मारत होते. मी यांचा हात धरला. म्हटलं, "चालत जाऊ." यांना वाटलं, नवे बूट रुळवायचे असतील. वाटेत ट्रक आला की मी यांना कडेला ढकलून स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालायची. मेस येईपर्यंत घामानं पाठ भिजली होती.

ग्रामोफोन सुरू झाला. मिसेस फर्नांडिस म्हणाल्या, डावा हात नवऱ्याच्या खांद्यावर. पदराची गाठ धरलेली माझी डावी मूठ उघडेना.

"काय हाय हातात?" यांनी हळूच विचारलं.

मी गाठ सोडून दाखवली. आता हसतील, असं वाटलं होतं. हे हसले नाहीत. जोडवी उचलून यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि माझा हात धरला. यांचाही तळवा ओलाचिंब होता. रणगाड्यात बसून आलेला हा माणूस घाबरला होता. मग गिरकीगणिक खिशात चांदी वाजायची आणि मी आकडे सोडून तेवढंच ऐकत राहिले. धडा संपल्यावर मेसच्या पायरीवर बसून मी आधी जोडवी चढवली, मगच रस्त्यावर पाऊल टाकलं. आईला हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नगरनंतर किती कॅम्प झाले. शेवटी देहरादूनला घर बांधलं. हे जाऊन आता दोन वर्षं होतील. सकाळी चहा पिता पिता गेले. जोडवी माझ्या पायातच होती, वहिनी, घट्ट. नवऱ्यामागं ती काढायची रीत म्हणून नात्यातल्या बायका पायाशी बसल्या, तेव्हा मी पाय पोटाशी घेतले. त्या दिवशी यांच्या खिशात वाजलेली वस्तू मी कुणाच्या हातात देऊ?

इथं थंडी फार. मोज्यांच्या आत ती कुणाला दिसत नाहीत. तुम्ही पत्रात लिहिलंत, आता घरी ये. आई गेल्यावर घर म्हणजे तुम्हीच. मी येईन, पण जोडवी घालून येईन. श्रीगोंद्याच्या स्टँडवर मी उतरेन तेव्हा तुमची नजर माझ्या पायांकडे जाईल, आणि तुम्ही काय म्हणाल, याची या वयातही मला भीती वाटते.