उंदरांचे देवरावभाऊ

आमच्या अमरावतीच्या लॅबमध्ये उंदीर आणि किस्से सारख्याच वेगानं वाढतात. उंदरांची निदान नोंद तरी होते!

आमचे उंदीर जीन बदललेले. आईबापाकडून येणारा स्तनाच्या कॅन्सरचा धोका त्यांच्यावर अभ्यासतो. एसटीत शेजारच्या मावशींना हे सगळं नीट समजावलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी धा हायेत, घेऊन जाय!"

*

उंदरांची देखभाल देवरावभाऊंकडे. दर सोमवारी एकेक उंदीर बोटांनी चाचपून गाठ शोधतात. एकदा पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं, "गाठ केवढी?"

"ज्वारीच्या दान्यायेवढी."

"मिलिमीटरमध्ये सांगा."

"मंग पट्टी तुमी लावा, दाना म्या सांगतला!"

*

वरूडहून संत्र्याची पेटी आली. भाऊंनी प्रत्येक पिंजऱ्यात एकेक फोड टाकली. ठरलेल्या खाण्याचा प्रयोग बोंबलला! मी जाम भडकले. भाऊ शांत. "सीझनमंदी घरात संत्री असून कोनाले उपाशी ठेवाव का?"

*

एकदा पिल्लांचे रिपोर्ट आले. निम्म्यांत कॅन्सरचा तो जीनमधला दोष. भाऊ चक्रावले. "मादी तर साधी व्हती. नर बी ठणठणीत हाय. मंग हे आलं कुठून?"

"नराकडूनच. बाप ठणठणीत असला तरी देतो."

भाऊंनी हातातला पिंजरा खाली ठेवला. त्यांची आई आणि बहीण याच कॅन्सरनं गेलेल्या. "म्या तर समजत होतो, बायांचं हाय, माह्यापाशी थांबलं. मॅडम, मले रेखा हाय." रेखा त्यांची एकुलती एक मुलगी.

त्यांनी रक्त तपासायला दिलं. दोष निघाला. मला फार वाईट वाटलं.

*

रेखाच्या तपासणीआधीच अकोल्याचे पाहुणे तिला पाहायला आले. नातेवाईक म्हणाले, "लग्न होईपर्यंत तोंड उघडू नको!" रेखा म्हणाली, "बाबा, सांगूनच टाका." कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायला मला बसवलं होतं.

पोहे झाले. भाऊंनी सरळ सांगितलं. "माह्या मायले, बहिणीले छातीचा कॅन्सर झाला. माह्या रक्तात तो दोष निंघाला. पोरीत असन, नसन, तपासनी व्हायची हाय. पयलेच सांगून राह्यलो."

  मुलाची आई उठली. गेलं स्थळ, असं मी मनात म्हटलं.

ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, हे रक्त कोठी तपासते? माह्या मायले होता, मोठ्या बहिणीलेही. आमी कोनाले सांगतलंच नाई."