दोन दश्श्या फोडायच्या नसतात

किस्से शोधत हिंडावं लागतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या परदेशातल्या रविवारच्या कंपूत यावं. आम्हाला ते आवरता आवरत नाहीत. दुपारी चारला पत्ते वाटले की साडेचारपर्यंत एक तयार! कारण एकच, मंदार जोगळेकर. रॅफल्स प्लेसला बँकेत रिस्क मॅनेजर. स्वभावानंही तोच.

सेंगकांगला त्याच्या फ्लॅटवर आम्ही ब्लॅकजॅक खेळतो. पानांची बेरीज करत एकवीसच्या जवळ जायचं, पुढे गेलं की मेलात. पैशाऐवजी खारे दाणे. एकसारखी दोन पानं आली की आणखी दाणे लावून ती फोडता, म्हणजे त्यांचे दोन डाव करता येतात. ती कधी फोडायची याचा तक्ता जोगळेकरनं लॅमिनेट करून फ्रिजवर लावलाय. एक्के आणि अठ्ठ्या नेहमी फोडा. दश्श्या आणि पंज्या कधीच नाही. राजा-राणी-गुलाम म्हणजे दश्शीच. फ्रिज उघडताना देवाला करावा तसा तक्त्याला नमस्कार तेवढा करायचा बाकी राहिलाय.

*

आमचा साठे, पुण्याचा आयटीवाला, जरा उतावळा. त्याला दोन पंज्या आल्या आणि त्या फोडायची हुक्की आली. जोगळेकरनं शांतपणे ड्रॉवरमधून फॉर्म काढला. तक्ता मोडायचा तर कारण लिहा, खाली दुसऱ्याची सही घ्या. बँकेची पद्धत!

साठेनं कारणाच्या रकान्यात ‘वाटलं म्हणून’ लिहिलं. फॉर्म परत आला. दुसऱ्यांदा लिहून होईपर्यंत चहा निवला, आणि सही करणारा, म्हणजे मी, पणाला लावलेले दाणे खाऊन बसलो होतो.

*

मला एकदा दोन अठ्ठ्या आल्या. समोर डीलरची दश्शी. तक्ता म्हणतो फोडा, कारण सोळाइतका दळभद्री हात नाही. माझं धाडस होईना. सोळावरच थांबलो. डीलर बावीसवर गेला, मी जिंकलो.

जोगळेकर म्हणाला, “तू जिंकला नाहीस. चुकीचं वागून तुला दाणे मिळालेत. परत ठेव.”

ठेवले हो! ऑडिटमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस मी, सवयीनं ठेवले. घरी गेल्यावर स्वतःचाच इतका राग आला की बायकोनं विचारलं, ऑफिसात काही झालं का.

*

आता मीनलवहिनी. जोगळेकरची बायको, तीही बँकेतच. पण जीव रमतो तो पुलाउ उबीन बेटावर. दर शनिवारी बोटीनं तिकडे जायचं आणि जेट्टीजवळच्या म्हाताऱ्या आंटीच्या दुकानात भाड्याच्या सायकली दुरुस्त करायच्या. आंटी थकली होती. दुकानात भागीदार हो म्हणून मागे लागली होती. वहिनींना नोकरी सोडून तेच करायचं होतं. इतकी वर्षं मन मारून काढली, आता नाही, असं त्या माझ्या बायकोजवळ रडून बोलल्या होत्या.

जोगळेकरनं फ्रिजकडे बोट दाखवलं. “आपले दोन पगार म्हणजे दोन दश्श्या. वीस झालेत. वीसला कोणी हात लावतं का?”

दोन वर्षं हेच उत्तर. वहिनी पत्ते वाटायला घ्यायच्या. मला जोगळेकरचा संताप यायचा, पण चिवडा त्याच्याच घरचा होता.

*

शेवटी एकदा खऱ्या कसिनोत जायचं ठरलं. जोगळेकर पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, म्हणून दारातच प्रवेशफी. साठे एम्प्लॉयमेंट पासवाला, म्हणजे परदेशी पाहुणाच, तो पासपोर्ट दाखवून फुकट आत. एवढी वर्षं घासून पीआर मिळवला तो ह्यासाठीच का, असं साठेनं विचारलं. जोगळेकरनं प्रवेशफीची पावती घडी घालून पाकिटात ठेवली.

*

त्याच दुपारची गोष्ट. टेबलावर बसण्याआधी वहिनींनी नवऱ्याला बाजूला घेतलं, आमच्या देखतच.

“आज शेवटपर्यंत तक्ता पाळलास, तर नोकरी सोडायचा विषय मी पुन्हा काढणार नाही. मोडलास, तर मी तुला विचारणार नाही.”

जोगळेकर हसला. तक्ता आणि तो मोडणार? लगेच हो म्हणाला.

तासभर अगदी पाठांतर म्हटल्यासारखा खेळला. अठ्ठ्या फोडल्या, पंज्या सांभाळल्या. वहिनी मागे उभ्या. चेहरा उतरत चाललेला. मला बघवेना.

मग त्याला दोन राण्या आल्या. डीलरची छक्की. शेजारच्या चिनी काकांनी नुकतेच दोन राजे फोडून दोन्ही डाव मारले होते. जोगळेकरनं त्यांच्या चिप्सच्या ढिगाकडे पाहिलं. मग आपल्या राण्यांकडे. पुन्हा ढिगाकडे. साठेनं माझा दंड घट्ट धरला.

जोगळेकरनं चिप्स पुढे सारल्या आणि दोन बोटं फाकवली. फोडा.

एका राणीवर सत्ती पडली, दुसरीवर पंजी. दोन्ही रडके डाव. डीलरनं स्वतःची पानं उलटली आणि पंचवीसवर गेला. दोन्ही डाव जोगळेकरचे! आयुष्यात पहिल्यांदा त्याला ओरडताना पाहिलं. “मीनल, बघितलंस?”

“बघितलं ना,” वहिनी म्हणाल्या.

त्या टेबलापासून लांब, दाराशी गेल्या. मी मागोमाग. फोन लावला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आंटी, मी सोमवारी राजीनामा देतेय. त्या निळ्या सायकलीची चेन तशीच राहू दे, तू हात काळे करू नकोस. मी येऊन बसवते.”

आत जोगळेकर चिप्स रचत होता.